सात कप्प्यांचे गर्भाशय

इटलीतल्या बोलोन्या शहरात मोंदिनो दे ल्युत्सी या प्राध्यापकाने १३१५ साली दोन मृत स्त्रियांचे शवविच्छेदन केले, एकीचे जानेवारीत आणि दुसरीचे मार्चमध्ये. विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी माणसाचे प्रेत उघडायला युरोपात तेव्हा नुकतीच सुरुवात झाली होती. मोंदिनोने दोन्ही गर्भाशये नीट पाहिली आणि त्यांची तुलना केली. पहिल्या बाईचे गर्भाशय दुसरीच्या दुप्पट मोठे होते, हे त्याने नोंदवले आणि असे का असावे याचा विचारही केला. म्हणजे गडी डोळे मिटून काम करणारा नव्हता. पुढच्या वर्षी त्याने शरीररचनेवरचा आपला ग्रंथ पुरा केला. पुढे दोन शतके युरोपातली विद्यापीठे तो शिकवत राहिली. त्याच ग्रंथात त्याने लिहिले आहे की स्त्रीच्या गर्भाशयाला सात कप्पे असतात.

तीन उजवीकडे, तीन डावीकडे आणि एक मधोमध. बीज उजव्या कप्प्यांत रुजले तर मुलगा, डाव्या कप्प्यांत रुजले तर मुलगी आणि मधल्यात रुजले तर दोन्ही लिंगांची लक्षणे असलेले मूल. हे सात कप्पे मोंदिनोला दिसले असतील हे शक्यच नाही, कारण ते नसतातच. पण ते पोथीत होते. डोळ्याचे आणि पोथीचे पटले नाही की पोथी जिंकणार, असा तो रिवाज होता. याच बोलोन्यात शिकवणाऱ्या बेरेन्गारिओ दा कार्पीने सात कप्प्यांना धडधडीत खोटे म्हटले, पण त्यासाठी दोनशे वर्षे जावी लागली.

आपण फार हसू नये. सुश्रुतसंहितेतही गर्भवतीच्या उजव्या स्तनात आधी दूध दिसले, उजवा डोळा मोठा भासला, तर मुलगा होणार असे सांगितले आहे. उजवे पुरुषाचे, डावे बाईचे, ही वाटणी भूमध्य समुद्राच्या काठी आणि गंगेच्या काठी दोन्हीकडे होती. चालताना कुठला पाय आधी उचलते हे पाहून निकाल देणाऱ्या अनुभवी मावश्या आपल्या घराघरांत अजून सापडतात.

युरोपच्या मध्ययुगाबद्दल एक सरधोपट समज आहे. धर्म बाईच्या देहाला अपवित्र ठरवत होता आणि वैद्यक तिला हळूहळू त्यातून सोडवत होते, असा. मूळ कागदपत्रे आणि त्यांवरचे गेल्या चाळीसेक वर्षांतले संशोधन वाचत गेले की तो समज टिकत नाही. पोपांमध्ये उदार माणसे सापडतात आणि विद्वान तत्त्वज्ञांमध्ये विखारी. खरी फूट वेगळ्याच जागी होती. त्या देहाला हात लावणारे एका बाजूला होते आणि त्याबद्दल लिहिणारे दुसऱ्या बाजूला.

विटाळापासून सुरुवात करू. बायबलच्या जुन्या करारातल्या लेवीय या पुस्तकात पाळीचा विटाळ सात दिवसांचा आहे. बाळंतपणाचा विटाळ मुलगा झाला तर चाळीस दिवस आणि मुलगी झाली तर ऐंशी. ख्रिस्ती धर्माने जुन्या कराराचे बरेच नियम बाजूला ठेवले, मग हा ठेवायचा की टाकायचा? इंग्लंडात धर्मप्रसारासाठी गेलेला ऑगस्टीन, कँटरबरीचा पहिला आर्चबिशप, याला हाच प्रश्न पडला. ६०१ साली पोप पहिल्या ग्रेगरीने त्याला दिलेले उत्तर इतिहासकार बीडने आपल्या ग्रंथात जपून ठेवले आहे. हे पत्र खरेच ग्रेगरीचे का, यावर वाद झाले आहेत. पण मध्ययुगाने ते त्याचेच मानले. उत्तराचा आशय असा: पाळी हा बाईचा दोष नाही, भूक, तहान, थकवा यांसारखी ती देहाची अवस्था आहे. तिला चर्चमध्ये येण्यापासून अडवू नका. रक्तस्रावाने पिडलेल्या बाईने ख्रिस्ताच्या वस्त्राला हात लावला तो चालला, तर हिने काय पाप केले? बाळंतीण बाळंत झाल्या घटकेला देवाचे आभार मानायला चर्चमध्ये आली, तरी ते पाप नाही. शेवटी एक मेख मात्र आहे. एखादी आदरापोटी स्वतःहून दूर राहिली, तर ती कौतुकाला पात्र.

त्यानंतर शंभर वर्षेही झाली नव्हती. कँटरबरीच्या त्याच गादीवर थिओडोर आला आणि त्याच्या नावावरच्या प्रायश्चित्तांच्या संहितेत नेमका उलटा नियम आला: पाळीतल्या बाईने, मग ती जोगीण असो वा संसारी, चर्चमध्ये पाऊल टाकू नये; टाकले तर तीन आठवडे उपवास. नंतरची कित्येक शतके या दोन उत्तरांच्या रस्सीखेचीत गेली.

ही रस्सीखेच एकाच माणसाच्या डोक्यातही चालू शकत होती. लोतारिओ नावाच्या कार्डिनलने ११९५ च्या सुमाराला मानवी जन्माच्या दैन्यावर एक पुस्तक लिहिले. गर्भ आईच्या पाळीच्या रक्तावर पोसला जातो आणि ते रक्त किती घाण असते, याचे त्यात किळस येईल असे वर्णन आहे. पुस्तक अफाट वाचले गेले. ११९८ साली हाच लोतारिओ तिसरा इनोसंट म्हणून पोप झाला. आयर्लंडमधल्या आर्माच्या आर्चबिशपला बाळंतिणीच्या विटाळाबद्दल त्याने कळवले ते ग्रेगरीच्याच सुरात: येऊ द्या तिला, अडवू नका, आदराने दूर राहिली तर तिला दोषही देऊ नका. पुस्तक लिहिताना वैतागलेला संन्यासी, कारभार करताना समजूतदार अधिकारी. माणसे अशी असतात, आणि पोपही.

लोकांनी मात्र चाळीस दिवस सोडले नाहीत. बाळंतीण चाळिसाव्या दिवसाच्या आसपास मैत्रिणी आणि सुईण यांच्यासोबत, हातात मेणबत्ती घेऊन चर्चच्या दाराशी जाई आणि पाद्री तिला आत घेई. नाताळ धरून चाळिसाव्या दिवशी, २ फेब्रुवारीला, मेरीच्या शुद्धीचा सण येतो, त्याचेच हे घरगुती रूप. आपल्या सव्वा महिन्याशी त्याचे साम्य उघड आहे आणि त्यातली दुधारी सोयही तीच. नियम अपमानकारक होता, पण त्याच नियमामुळे बाईला कामातून आणि नवऱ्याच्या मागणीतून थोडी सुटका मिळे. शेवटी सण होई तो तिच्या नावाने.

आपल्याकडेही ग्रेगरीच्या जवळ जाणारा एक आवाज आहे. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींनी स्त्रियांच्या विटाळाला जुमानले नाही. शरीराच्या बाकी द्वारांतून जसे काही ना काही वाहते तसेच हेही, अशी त्यांची भूमिका महानुभाव परंपरा सांगते. ग्रेगरी आणि चक्रधर यांना जोडणारा कुठलाही धागा नाही. दोघांनीही देहाच्या स्वाभाविक अवस्थेला दोष मानले नाही, एवढेच साम्य. आणि दोघांच्याही अनुयायांनी पुढे विटाळ पाळलाच.

आता वैद्यक. मध्ययुगातल्या विद्वान वैद्याला दोन ग्रीक आजोबा होते आणि त्यांचे आपसात पटत नव्हते. ॲरिस्टॉटल म्हणे, बाई म्हणजे उष्णता कमी पडल्यामुळे पुरुष व्हायची राहून गेलेली व्यक्ती. मूल घडवणारी शक्ती पुरुषाच्या बीजात असते, बाई फक्त कच्चा माल पुरवते, आणि तो माल म्हणजे तिचे पाळीचे रक्त. गेलन म्हणे, बीज दोघांचेही असते, आणि बाईची जननेंद्रिये म्हणजे पुरुषाचीच, फक्त आत वळलेली. दोघांचे एकमत एकाच गोष्टीवर होते. बाई थंड आणि ओली असते, त्यामुळे तिला अन्न पुरते पचवता येत नाही, आणि उरलेले रक्त दर महिन्याला बाहेर टाकावे लागते. गर्भ राहिला की तेच रक्त गर्भाला पोसते, बाळ जन्मले की ते स्तनांकडे चढून पांढरे होते. दूध म्हणजे शिजलेले रक्त. ज्या रक्ताला लोतारिओ घाण म्हणत होता, त्याचेच दूध चित्रकार बाळ येशूच्या ओठांत दाखवत होते.

धर्मशास्त्राला या वादाची गरज होती, कारण प्रश्न ख्रिस्ताच्या देहाचा होता. तो कशापासून घडला? टॉमस अक्वायनसने ॲरिस्टॉटलची चौकट घेतली आणि उत्तर दिले की मेरीच्या सर्वांत शुद्ध रक्तापासून, पाळीच्या रक्तापासून नव्हे. बाई म्हणजे बिघडलेला पुरुष, हे वाक्य अक्वायनसच्या नावावर वारंवार खपवले जाते. त्याच उत्तरात त्याने पुढे म्हटले आहे की मानवजातीचा विचार केला तर बाई मुळीच बिघडलेली नाही, निर्मितीच्या योजनेचाच ती भाग आहे. उद्धृत करणारे तिथवर पोचत नाहीत.

गेलनचे मत ऐकायला बरे वाटते. बाईचेही बीज, म्हणजे बाईच्याही सुखाला जागा. पण त्याचा निष्कर्ष भयानक निघाला. बीज सुटायला सुख हवे. मग बलात्कारातून गर्भ राहिला तर? बाराव्या शतकातल्या कॉन्शच्या विल्यमने उत्तर दिले की मनाची संमती नसली तरी शेवटी देहाला सुख झाले असणार. तेराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडच्या कायदेग्रंथांत याचा नियम झाला: बाई गरोदर राहिली तर बलात्काराची तक्रार टिकत नाही. कल्पना उदार असली म्हणून तिचा निकाल उदार लागतो असे नाही.

हे सगळे ज्ञान युरोपात आले ते मुख्यतः अरबीतून. अकराव्या शतकात उत्तर आफ्रिकेतून आलेला कॉन्स्टंटाइन दक्षिण इटलीतल्या मोंते कासिनोच्या मठात संन्यासी झाला आणि अरबी वैद्यक लॅटिनमध्ये आणत बसला. कैरुआनच्या इब्न अल-जझ्झारने प्रवाशांसाठी लिहिलेला वैद्यकग्रंथ त्यातलाच. मठापासून फार दूर नाही असे समुद्रकाठचे गाव सालेर्नो वैद्यांसाठी प्रसिद्ध होते. तिथे बाराव्या शतकात त्रोता नावाची एक बाई वैद्यकी करत होती.

तिच्या नावाभोवती तीन पुस्तिका जमल्या आणि मिळून ‘त्रोतुला’ म्हणून युरोपभर फिरल्या. त्यांच्या शंभराहून अधिक लॅटिन हस्तप्रती आज उरल्या आहेत. २००१ साली त्यांची चिकित्सक आवृत्ती काढणाऱ्या मोनिका ग्रीन यांनी तिन्हींतला फरक दाखवून दिला. पहिली पुस्तिका इब्न अल-जझ्झारवर आधारलेली, पंडिती, बहुधा पुरुषाची. तिसरी सौंदर्यप्रसाधनांची, तीही पुरुषाची. मधली, स्त्रियांवरच्या उपचारांची, मात्र त्रोताच्या हाताखालून आलेली.

वाचताना हा फरक लगेच कळतो. पहिलीत गर्भाशय वर सरकून बाईचा श्वास कोंडतो. मग नाकाशी जळालेली पिसे धरायची, की दुर्गंधाने ते खाली पळेल, आणि खालून सुगंधी धुरी द्यायची, की त्या वासाला ते येईल. गर्भ राहू नये म्हणून मुंगसासारख्या दिसणाऱ्या विझल नावाच्या प्राण्याची वृषणे छातीशी बाळगायची. एक गोष्ट मात्र त्या पुस्तिकेच्या खात्यावर जमा केली पाहिजे. मूल होत नसेल तर दोष नवऱ्याचाही असू शकतो, असे ती स्पष्ट सांगते आणि परीक्षाही देते: दोघांचे मूत्र वेगवेगळ्या मडक्यांत कोंड्यावर घालून नऊ-दहा दिवस ठेवा, ज्याच्या मडक्यात किडे पडतील तो वांझ. परीक्षा फोल आहे, पण मडकी दोन आहेत. आजही आपल्याकडे अनेक घरांत तपासणीची फाइल एकाच नावाची असते.

मधल्या पुस्तिकेत कप्पे नाहीत. बाळंतपणात योनी आणि गुदद्वार यांच्यामधला भाग फाटला तर काय करायचे, हे आहे. रेशमी धाग्याने तीन-चार टाके घालायचे, औषधी पूड लावायची, बाईला आठ-नऊ दिवस बिछान्यात ठेवायचे, तिथेच खायला द्यायचे, खोकला येईल असे काही देऊ नये. फाटूच नये म्हणून कळ येताना मागून कापडाची घडी दाबून धरायची, हेही आहे. प्रत्येक ओळीमागे एक बाळंतीण दिसते. लग्नात कौमार्य सिद्ध करण्याच्या युक्त्याही याच पुस्तिकेत, जळू लावण्यापर्यंत. हे लबाडीचे ज्ञान आहे, असे म्हणून नाक मुरडणाऱ्याने त्या मुलींना कशाची भीती होती तेही सांगावे.

एक प्रसंगही त्यात आहे. एका तरुण मुलीच्या पोटात फुटल्यासारखे काही झाले आहे असे समजून तिला कापायची तयारी झाली होती. त्रोताला तज्ज्ञ म्हणून बोलावले. तिला ते पाहून नवल वाटले. तिने मुलीला स्वतःच्या घरी नेले, एकांतात तपासले आणि हा वाताचा विकार आहे हे ओळखले. मग औषधी पाल्याच्या गरम पाण्यात बसवून, अंग चोळून आणि जवाच्या पिठाचा लेप लावून तिला बरे केले.

जर्मनीत त्याच शतकात हिल्डेगार्ड ऑफ बिंगेन (१०९८–११७९) या मठाधिपतीने वेगळीच वाट धरली. तिच्या वैद्यकात पाळीचा उगम ईव्हमध्ये आहे; वासना तिच्यात शिरली तेव्हा तिच्या शिरा उघडल्या. हे ऐकून आपल्याला इंद्राची ब्रह्महत्या वाटून घेणाऱ्या स्त्रिया आणि ऋषिपंचमी आठवते. पण पाळीचा काळ हिल्डेगार्डला शिक्षेपेक्षा दुःखाचा वाटतो. त्या काळात बाईला दया आणि औषध हवे, असे ती म्हणते. संभोगातल्या स्त्रीच्या सुखाबद्दलही ती मोकळेपणाने लिहिते, आणि लिहिणारी आयुष्यभर मठात राहिलेली.

बाळंतपणाच्या खोलीत धर्म आणि औषध यांची फारकत करताच येत नाही. लंडनच्या वेलकम संग्रहात पंधराव्या शतकाच्या अखेरचा एक चामड्याचा पट्टा आहे, दहा सेंटिमीटर रुंद, सव्वातीन मीटरहून थोडा लांब. त्यावर प्रार्थना, क्रूस, ख्रिस्ताच्या जखमांची चित्रे आहेत. काही ठिकाणी चित्रे पार पुसट झाली आहेत, हात लावून लावून. प्रसूतीच्या वेळी तो बाईच्या पोटावर बांधत असावेत असा तर्क होता. २०२१ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी साध्या खोडरबराने अलगद घासून त्यावरची प्रथिने गोळा केली, आणि त्यांत मध, दूध, अंडी, धान्य, कडधान्य यांच्या खुणा मिळाल्या. मानवी योनिस्रावाची प्रथिनेही मिळाली. यांतले खाद्यपदार्थ त्या काळच्या बाळंतिणीच्या औषधांत असत. म्हणजे पट्टा देव्हाऱ्यात ठेवलेला नव्हता. रक्तापाण्यात वापरलेला होता.

बाळंतिणींची संत होती मार्गारेट. तिला अजगरासारख्या राक्षसाने गिळले आणि ती त्याच्या पोटातून सुखरूप बाहेर आली, म्हणून. कुमारिकेला सुईणपणाचे काम मिळाले ते या तर्काने. तिच्या चरित्राची पोथी कळा देणाऱ्या बाईच्या अंगावर ठेवत.

या खोलीत पाद्रीला प्रवेश नव्हता, पण त्याला आतली एक काळजी खात होती. बाप्तिस्म्याआधी मूल मेले तर त्याचा आत्मा गेला. म्हणून चर्चने सुईणीला बाप्तिस्मा द्यायचा अधिकार दिला. पॅरिसचा बिशप ओदो याने १२०० च्या सुमारास आदेश काढला की आई मेली आणि मूल जिवंत वाटले तर तिचे पोट उघडावे. दोनशे वर्षांनी श्रॉपशरच्या जॉन मर्कने खेड्यातल्या पाद्रींसाठी लिहिलेल्या मार्गदर्शिकेतही सुरी आहे, आणि ती सुईणीच्या हातात आहे. बाईच्या हाती धर्माचा संस्कार आणि शस्त्रक्रिया एकदम आली ती या एकाच दारातून.

तेराव्या शतकाच्या अखेरीस वारे फिरले. ‘स्त्रियांची गुपिते’ नावाचे एक लॅटिन पुस्तक अल्बर्टस मॅग्नस या थोर विद्वानाच्या नावावर फिरू लागले. ते त्याचे नव्हते, त्याच्या विचाराने भारलेल्या कुणाचे तरी होते. पुरुषाने पुरुषासाठी लिहिलेले, कबुलीजबाब ऐकताना उपयोगी पडावे असेही त्यात म्हटलेले. उपचार त्यात नावापुरते. पाळीतल्या बाईची नजर विषारी असते. पाळी गेलेल्या म्हातारीची त्याहून जास्त, कारण विष आतच साठते, आणि पाळण्यातल्या मुलाला ती नजरेने बाधते. पाळीतल्या बाईचा केस खतात पुरला तर साप होतो. पाळीच्या रक्ताने द्राक्षरस आंबतो, लोखंड गंजते, कुत्री पिसाळतात, ही रोमन प्लिनीची जुनी यादी सेव्हिलच्या इसिदोरने सातव्या शतकात जपली होतीच. या पुस्तकाने तिला तत्त्वज्ञानाचा अंगरखा चढवला. छपाई आली तशी त्याच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या. वाकड्या नजरेच्या म्हाताऱ्यांना पुढे चेटकिणी ठरवले गेले, त्यात या पुस्तकाचा हात होता असे काही अभ्यासक मानतात. मला ते पटते. विटाळात बाई काही दिवस बाजूला बसते. विषाचा सिद्धांत तिला जन्मभराची संशयित करतो. आणि तो सिद्धांत आला शास्त्राच्या तोंडून.

१३२२ साली पॅरिसमध्ये जाकोबा फेलिसी नावाच्या बाईवर विद्यापीठाच्या वैद्यक विभागाने खटला भरला. आरोप एकच: परवान्याशिवाय वैद्यकी. ती नाडी पाहते, मूत्र पाहते, औषध देते. साक्षीदार आले ते तिचेच रोगी, स्त्रिया आणि पुरुषही. नामांकित वैद्यांनी हात टेकले तेव्हा हिने बरे केले, असे त्यांनी सांगितले. तिचा बचाव असा होता की बाई पुरुष वैद्यापुढे आपला आजार उघड करण्यापेक्षा मरण पत्करते, आणि अशा कित्येक जणी मेल्या आहेत. त्रोतुलाच्या पहिल्या पुस्तिकेच्या प्रस्तावनेतही हेच कारण दिले आहे. न्यायाधीशांनी ते ऐकले नाही. शिकलेला पुरुष कुठल्याही बाईपेक्षा चांगलाच बरा करणार, असे त्यांनी मानले. जाकोबाला साठ लिव्र दंड आणि बहिष्काराची ताकीद मिळाली.

मोंदिनोच्या दालनाबाहेरही तेव्हा देह उघडले जात होते. १३०८ साली उंब्रियातल्या मोंतेफाल्को मठाची प्रमुख किआरा वारली तेव्हा तिच्या सोबतिणींनीच तिचा देह उघडला. हृदयात त्यांना क्रूस आणि ख्रिस्ताच्या छळाची साधने दिसली, पित्ताशयात तीन खडे सापडले. इतिहासकार कॅथरीन पार्क यांचे म्हणणे असे की युरोपातले शवविच्छेदन फाशी दिलेल्या गुन्हेगारांपासून जितके सुरू झाले, तितकेच अशा जोगिणींपासून आणि खानदानी घरांतल्या मृत आयांपासून. बाईच्या आत काय आहे ही उत्सुकता धर्म, कुटुंब आणि विद्यापीठ तिघांनाही होती. वेसालिअसच्या १५४३ च्या प्रसिद्ध ग्रंथाच्या मुखपृष्ठावर पुरुषांच्या गर्दीत पोट उघडलेली बाई आहे. फाशी टळावी म्हणून तिने गरोदर असल्याचे खोटे सांगितले होते, असे वेसालिअस लिहितो. खोटे पकडले ते सुईणींनी.

त्याच्या पुढच्याच वर्षी स्ट्रासबर्गला ‘त्रोतुला’ प्रथम छापली गेली. संपादकाने तिन्ही पुस्तिका कापून-जोडून एक केल्या, की एकाच लेखिकेचे काम दिसावे. १५६६ मध्ये दुसऱ्या संपादकाने ठरवले की असले काही बाईने लिहिलेच नसणार, आणि ती एका रोमन मुक्त गुलामाच्या, म्हणजे पुरुषाच्या, नावावर चढवली. त्रोता होती की नव्हती हा वाद मग विसाव्या शतकापर्यंत रंगला. १९८५ मध्ये जॉन बेंटन यांनी माद्रिदच्या एका हस्तलिखितात तिच्या नावाची आणखी एक संहिता मिळाल्याचे जाहीर केले. तिचे खरे काम त्यात आहे. पाळीचे विकार आणि वंध्यत्व त्यात आहेतच. पण साप चावला तर काय करावे, हेही आहे.